अहवालात ‘एस’, पोटरीत पू : क्लिंडामायसिन मध्येच का हरलं?

रुग्ण ३४ वर्षांची शेतमजूर बाई, वजन ४४ किलो, राहणार यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या कापूस-तुरीच्या एका गावात. एप्रिलचा पहिला आठवडा. वावरातली पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचायचं काम चालू होतं आणि शेजारच्या ओळीतलं तुरीचं धसकट तिच्या डाव्या पोटरीत घुसलं. तिने ते तिथल्या तिथे ओढून काढलं, वरून हळद दाबली आणि मजुरीचा दिवस पूर्ण केला. आरोग्य केंद्रात आली तेव्हा तिची तक्रार एका वाक्याची होती : “काटा तं काढला, पन ठणका कमी नाही होऊन राहिला.”

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलं आहे. बाई, गाव, दवाखाने आणि प्रयोगशाळा कल्पित आहेत. चाचणीच्या पद्धती, औषधांचे डोस आणि जंतूच्या जनुकाचं वागणं मात्र जसं आहे तसंच दिलं आहे.

घटनाक्रम

दिवस काटा लागल्यापासून मोजले आहेत. तिसऱ्या दिवशी गावातल्या खासगी डॉक्टरने ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एक, पाच दिवस दिली. ही गोळी तिला नवी नव्हती, जानेवारीत सर्दी-तापासाठी मेडिकलमधून तीन दिवसांचा कोर्स घेऊन झाला होता. आठव्या दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. पोटरीवर ४ × ३ सेंटिमीटरची मऊ, डुलणारी गाठ, भोवती तळहाताएवढी लाली, ताप १००.४ अंश फॅरनहाइट, नाडी ९६, रक्तातली साखर ११२, हिमोग्लोबिन ९.८. जागा बधिर करून सेंटिमीटरभर छेद दिला, तीनेक मिलिलिटर पू निघाला. त्याचा स्वॅब तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेला. टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सुरू केलं.

अकराव्या दिवशी अहवाल आला. अशा अहवालात प्लेटवर औषधाच्या डिस्कभोवती (चकतीभोवती) जंतू न वाढलेलं वलय मिलिमीटरमध्ये मोजतात; ‘एस’ म्हणजे औषध चालतं, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. जंतू निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस. सेफॉक्सिटिन १७ मिमी, ‘आर’, म्हणजे एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस). एरिथ्रोमायसिनला वलयच नाही, ‘आर’. क्लिंडामायसिन २४ मिमी, ‘एस’. डॉक्सिसायक्लिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल ‘एस’. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ॲमॉक्सिक्लॅव्ह थांबवून क्लिंडामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा दिलं. डोस बरोबर होता. आशाताई रोज घरी जाऊन रिकामी पाकिटं मोजत होत्या, त्यामुळे गोळ्या चुकल्या नाहीत हेही नक्की.

चौदाव्या दिवशी ताप नव्हता, लाली निम्म्यावर आली होती. सतराव्या दिवशी मात्र ताप १०१.२, गाठ ६ × ५ सेंटिमीटर आणि जांघेतली गाठही दुखरी. ग्रामीण रुग्णालयात नीट छेद दिला तेव्हा वीस मिलिलिटर पू आणि तुरीच्या काडीचा ११ मिमीचा तुकडा निघाला. हा पू जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला. जंतू तोच, सगळी वलयं जवळपास तीच. फरक एकच : क्लिंडामायसिनला आता वलय नव्हतं.

पहिला अहवाल पुन्हा तपासला

तालुक्याच्या प्रयोगशाळेने पहिला जंतू स्लँटवर (नळीतल्या तिरप्या अगारवर) जपून ठेवला होता. या एका सवयीमुळे पुढचं सगळं कळू शकलं. बऱ्याच लहान प्रयोगशाळा अहवाल गेला की दुसऱ्या दिवशी प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. एमआरएसएचा स्लँट दोन-तीन आठवडे ठेवायला खर्च जवळजवळ नाही, आणि उपचार फसला तर तुलनेला दुसरं काही हाती नसतं.

पहिल्या प्लेटवर एरिथ्रोमायसिनची डिस्क एका कडेला आणि क्लिंडामायसिनची बरोबर समोरच्या कडेला होती. दोन्ही वलयं वेगवेगळी, गोल, स्वच्छ. मोजमाप चुकलेलं नव्हतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तोच जंतू घेऊन दोन्ही डिस्क शेजारी ठेवल्या तेव्हा क्लिंडामायसिनचं वलय एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट झालं आणि त्याला इंग्रजी ‘डी’ अक्षराचा आकार आला. हीच डी-टेस्ट. म्हणजे पहिल्या दिवसापासून जंतूकडे क्लिंडामायसिनला हरवणारं जनुक होतं. ते बंद होतं, इतकंच.

चाचणी अशी करतात. म्युलर-हिंटन अगारची प्लेट, अगारची जाडी ४ मिमी. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिलिलिटर अगार लागतो. अगार वाचवून पातळ प्लेट ओतली की औषध खोलवर जाण्याऐवजी बाजूला पसरतं, वलयं खोटी मोठी येतात आणि ‘आर’चं ‘एस’ होतं. रात्रभर वाढलेल्या तीन ते पाच कॉलनी सलाइनमध्ये मिसळून ०.५ मॅकफर्लंडची गढूळता साधायची, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जंतू. पंधरा मिनिटांच्या आत स्वॅब बुडवून, नळीच्या भिंतीवर पिळून, प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत तीन दिशांनी सारवायची. मग एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची आणि क्लिंडामायसिनची २ मायक्रोग्रॅमची डिस्क शेजारी ठेवायची. दोन्हींच्या कडांमधलं अंतर स्टॅफिलोकोकससाठी १५ ते २६ मिमी. डिस्क ६ मिमीची असते, म्हणून मध्यापासून मध्यापर्यंत डिस्कच्या नेहमीच्या नियमाचं किमान २४ मिमी ठेवलं की कडेपासून कडेपर्यंत १८ मिमी होतं आणि दोन्ही नियम एकदम पाळले जातात. नेहमीच्या प्लेटवर या दोन डिस्क शेजारी आणल्या की वेगळी प्लेट, वेगळं साहित्य, काहीच लागत नाही. या प्रकरणात फक्त डिस्कची जागा बदलायची होती.

सोळा ते अठरा तासांनी वाचायचं. सपाट कड दिसली तर डी-टेस्ट पॉझिटिव्ह. कधी वलय गोल असतं पण आत धुरकट वाढ दिसते, तीही ‘आर’च. वलय मोजताना सपाट बाजू टाळून २४ मिमी मोजता येतं म्हणून ‘एस’ लिहायचं नाही. डी दिसला की मिलिमीटरला अर्थ उरत नाही.

उलट चूकही तितकीच महागात पडते. एरिथ्रोमायसिन ‘आर’, क्लिंडामायसिन ‘एस’ आणि डी-टेस्ट निगेटिव्ह असेल तर त्या जंतूकडे बहुधा एमएसआर-ए हे वेगळं जनुक असतं. त्याचं प्रथिन मॅक्रोलाइड औषधांपासून (एरिथ्रोमायसिनचं घराणं) रायबोझोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, बचाव करतं, क्लिंडामायसिनला हात लावत नाही. अशा रुग्णाला क्लिंडामायसिन निर्धास्त द्यावं. एरिथ्रोमायसिन ‘आर’ दिसलं की सरसकट क्लिंडामायसिन बाद करण्याने एक स्वस्त आणि चांगलं औषध हातचं जातं.

खटका कसा चालतो

पहिल्या आणि दुसऱ्या पुवातल्या दोन्ही जंतूंमध्ये अर्म-सी हे जनुक सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन एक मेथिलेज आहे. ते २३-एस रायबोझोमल आरएनएतल्या एका ठरावीक ॲडेनिनवर (ई. कोलायच्या मोजणीनुसार क्रमांक २०५८) दोन मेथिल गट बसवतं. मॅक्रोलाइड, लिंकोसामाइड आणि स्ट्रेप्टोग्रामिन-बी ही तीन वेगळ्या घराण्यांतली औषधं रायबोझोमवर याच ठिकाणी बसतात. जागाच बदलली की तिघांनाही पाय टेकवता येत नाही. क्लिंडामायसिन लिंकोसामाइड आहे, ॲझिथ्रोमायसिन मॅक्रोलाइड.

या मेथिलेजचा संदेश, म्हणजे एम-आरएनए, सतत बनत असतो. अडवणूक होते ती भाषांतराच्या, म्हणजे संदेश वाचून प्रथिन बनवण्याच्या, पायरीवर. संदेशाच्या सुरुवातीला १९ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या पेप्टाइडचा मजकूर असतो, त्यानंतर थोडी मोकळी जागा, आणि मग खऱ्या मेथिलेजचा मजकूर. हा सुरुवातीचा आरएनए स्वतःवरच दुमडतो. त्यात चार पट्टे धरले तर पहिला दुसऱ्याशी जुळतो आणि तिसरा चौथ्याशी. मेथिलेजसाठी रायबोझोमने जिथे चिकटायचं ती जागा आणि प्रारंभ-कोडॉन (वाचन सुरू करायचा तीन अक्षरांचा शब्द) चौथ्या पट्ट्यात दडलेले. रायबोझोम छोटं पेप्टाइड वाचून निघून जातो, मेथिलेजपर्यंत पोहोचतच नाही.

आता थोडं एरिथ्रोमायसिन आत आलं. ते रायबोझोमच्या बाहेर पडणाऱ्या बोगद्यात बसतं. छोटं पेप्टाइड बनता बनता नवव्या कोडॉनपाशी रायबोझोम अडकतो, कारण पेप्टाइडचं टोक आणि बोगद्यातलं औषध मिळून त्याला पुढे जाऊ देत नाहीत. अडकलेल्या रायबोझोमखाली पहिला पट्टा झाकला जातो. मोकळा झालेला दुसरा पट्टा तिसऱ्याशी जुळतो, आणि चौथा सुटतो. मेथिलेजची सुरुवात उघडी पडते. १९८० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ही रचना मांडली. औषधानेच स्वतःविरुद्धचं जनुक उघडण्याचं ते आजही सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

यातल्या दोन गोष्टी डॉक्टरच्या कामाच्या आहेत. एक, औषध थोडंच असावं लागतं. सगळे रायबोझोम एकदम अडले तर मेथिलेज बनवायलाही कोणी उरत नाही. म्हणून अपुरा डोस, कोर्स संपल्यानंतरचे दिवस, गळवाच्या आतला रक्तपुरवठा नसलेला भाग, अशा ठिकाणी खटका छान चालू होतो. डी-टेस्टमध्येही हेच घडतं : दोन डिस्कच्या मधल्या पट्टीत एरिथ्रोमायसिन विरळ होऊन पोहोचतं, तिथले जंतू मेथिलेज बनवतात आणि क्लिंडामायसिनला न जुमानता वाढतात.

दोन, क्लिंडामायसिन स्वतः ही अडवणूक घडवत नाही. तेच एकटं असेल तर खटका बंद राहतो, जंतू मरतात, आणि एकट्या डिस्कभोवती गोल वलय पडतं. मोठ्या रिंगांची काही मॅक्रोलाइडही तसलीच. १४ आणि १५ अणूंच्या रिंगांची मात्र खटका चालू करतात. ॲझिथ्रोमायसिनची रिंग १५ अणूंची आहे.

पोटरीत काय घडलं

मग क्लिंडामायसिन तीन दिवस चाललं आणि नंतर का फसलं? तीन कारणं समोर आहेत, आणि त्यांना वेगवेगळं वजन द्यायला हवं.

पहिलं, मोडका खटका. मेथिलेजच्या आधीच्या त्या भागात एखादा तुकडा गळाला, दुप्पट झाला किंवा एकच अक्षर बदललं तरी पट्ट्यांची जुळणी बिघडते आणि जनुक कायमचं उघडं राहतं. अशा बदललेल्या पेशी कोटी-दहा कोटींत एखादी असतात. आता हिशोब करा. गळवाच्या एका मिलिलिटर पुवात दहा कोटी जंतू असणं असाधारण नाही. वीस मिलिलिटर पू म्हणजे दोनशे कोटी. म्हणजे एवढ्या पुवात खटका मोडलेल्या वीस ते दोनशे पेशी; अकराव्या दिवशी पू कमी धरला तरी क्लिंडामायसिनची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच पोटरीत अशा काही पेशी बहुधा तयार होत्या. औषधाने त्या घडवल्या नाहीत. बाकीच्यांना मारून त्यांना जागा करून दिली. दुसऱ्या जंतूच्या अर्म-सीमध्ये सुरुवातीच्या भागातला तुकडा गळालेला सापडला, पहिल्यात तो भाग शाबूत होता. एरवी दोघांचं सारं जुळत होतं. नुसती वलयं जुळली म्हणून जंतू एकच असं म्हणता येत नाही. जनुकाचा क्रम वाचल्यावरच हे ठामपणे लिहिता आलं.

दुसरं, अंगात राहिलेलं ॲझिथ्रोमायसिन. हे औषध ऊतींमध्ये साठतं आणि त्याचं शरीरातलं अर्धआयुष्य सुमारे ६८ तास आहे. शेवटची गोळी सातव्या दिवशी, क्लिंडामायसिन अकराव्या दिवशी. मधल्या चार दिवसांत ते शून्यावर येत नाही, विरळ होतं. शरीरात, पोटरीतच, डी-टेस्ट मांडल्यासारखी ही अवस्था होती. खटका न मोडताही काही जंतू यामुळे वाचले असणं शक्य आहे. पण दुसऱ्या जंतूला क्लिंडामायसिनभोवती वलयच नव्हतं, तेही प्लेटवर, जिथे ॲझिथ्रोमायसिन नाही. म्हणून या रुग्णात मुख्य कारण मोडका खटकाच मानावा लागतो.

तिसरं, काडी. ते हलकं धरू नये. आठव्या दिवशीचा सेंटिमीटरभर छेद फार लहान होता. आतले कप्पे फुटले नाहीत, काडी दिसली नाही. लाकडाचा तुकडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. परकी वस्तू आत असेल तर ‘एस’ असलेलं औषधही गळू मिटवत नाही, आणि पू साचून राहिला की जंतूंची संख्या मोठी राहते, म्हणजे खटका मोडलेल्यांची संख्याही. आमच्या मते आठव्या दिवशी नीट छेद झाला असता तर प्रतिरोधक पेशी असूनही बाई बहुधा बरी झाली असती. जनुकाची गोष्ट कितीही रंजक असली तरी गळवाचा पहिला उपचार चाकूच आहे.

एप्रिलचं ऊन आणि इन्क्युबेटर

पहिल्या अहवालात एमआरएसए बरोबर पकडला गेला. या महिन्यात तो सुटणं फार सोपं होतं, म्हणून थोडं विषयांतर.

मेथिसिलिन प्रतिरोधाचं मेक-ए जनुकही औषध आल्यावरच पुरतं उघडतं. जंतूच्या आवरणात बसलेलं एक संवेदक प्रथिन बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या घराण्यातलं) औषध ओळखतं आणि जनुकावर बसलेल्या दाबकाला हटवतं. ऑक्सॅसिलिन हा खटका अर्धवटच दाबतं, सेफॉक्सिटिन जोरात दाबतं. म्हणूनच एमआरएसए शोधायला ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन डिस्क वापरतात. २१ मिमी किंवा कमी म्हणजे एमआरएसए. पण प्लेट ३५ अंश सेल्सिअसच्या वर उबवली तर एमआरएसए निसटू शकतो.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीतच चाळिशी ओलांडते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही; खोली ४१ अंशांवर असेल तर बटण ३५ वर ठेवूनही आत ३५ होत नाही. त्यासाठी थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर लागतो, किंवा इन्क्युबेटर वातानुकूलित खोलीत हवा. आत वेगळा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नये.

डिस्कचंही तसंच. वीज गेली की फ्रीज तापतो आणि डिस्कमधलं औषध निकामी होऊ लागतं; वलयं लहान येतात आणि चांगल्या औषधावर ‘आर’चा शिक्का बसतो. बाटली फ्रीजमधून काढून लगेच उघडली तर आत दव धरतं आणि उरलेल्या डिस्क बिघडतात. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच झाकण काढावं. दर आठवड्याला एटीसीसी २५९२३ हा नियंत्रण-जंतू लावावा : एरिथ्रोमायसिन २२–३०, क्लिंडामायसिन २४–३०, सेफॉक्सिटिन २३–२९ मिमी. आकडा बाहेर गेला तर रुग्णांचे अहवाल थांबवायचे. डी-टेस्टसाठी एटीसीसी बीएए-९७७ पॉझिटिव्ह आणि बीएए-९७६ निगेटिव्ह.

नमुन्याबद्दल : कोरडा स्वॅब उन्हात वाळतो. पू सिरिंजने ओढून निर्जंतुक बाटलीत द्यावा, नाहीतर स्वॅब एमिस माध्यमात (नमुना वाळू न देणाऱ्या). डबा एसटीने पाठवायचा असेल तर ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर तो जाणार नाही हे सांगून ठेवावं. लसीच्या कॅरियरमध्ये, थोडे वितळू दिलेले आइसपॅक घालून पाठवलेला उत्तम.

सतराव्या दिवसानंतरचा उपचार

भूल : २ टक्के लिग्नोकेन. ४४ किलोला किलोमागे ३ मिलिग्रॅम धरले तर १३२ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसहा मिलिलिटरच्या आत. गळवाच्या आत टोचलं तर आम्लामुळे ते नीट लागत नाही. म्हणून निम्मं सलाइन मिसळून भोवतीच्या निरोगी कातडीत गोल टोचलं. छेद पायाच्या लांबीच्या दिशेने, मऊ भागाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. आर्टरी फोर्सेप्सने कप्पे फोडले, काडी काढली, सलाइनने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, सैल गॉज ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काढला. गॉज ठासून भरला तर पू पुन्हा आतच अडकतो.

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. आधी लघवीची गर्भधारणा चाचणी केली, ती निगेटिव्ह. कोट्रायमॉक्सॅझोलही चाललं असतं. पण या पट्ट्यात सिकलसेल आणि जी-६-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता दोन्ही आढळतात, तिची तपासणी झालेली नव्हती, म्हणून ते मागे ठेवलं. गोळीबरोबरच्या सूचना औषधाइतक्याच महत्त्वाच्या. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. रक्त वाढवायची लोहाची गोळी ती रोज घेत होती; लोह डॉक्सिसायक्लिनला आतड्यातच बांधून टाकतं, म्हणून दोन्हींत किमान तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. दुधाबरोबरही गोळी घ्यायची नाही. या गोळीने ऊन बाधतं, तेव्हा वावरात जाणं बंद, आणि बाहेर पडलंच तर अंग झाकून. तेविसाव्या दिवशी पू थांबला, पस्तिसाव्या दिवशी जखम भरली.

घरात फिरणारा जंतू

घरात नवरा, सासू आणि सात वर्षांचा मुलगा. मुलाच्या मांडीवर दोन फोड होते, सासूला महिन्याभरापूर्वी काखेत गळू येऊन फुटलं होतं. सगळ्यांना एकच टॉवेल, एकच साबण. नाकाचे स्वॅब घेतले : नवऱ्याचं नाक स्वच्छ, सासूच्या नाकात एमआरएसए, मुलाच्या फोडातही तोच. आणि महत्त्वाची गोष्ट, सासूचा आणि मुलाचा दोघांचाही जंतू डी-टेस्ट पॉझिटिव्ह, खटका शाबूत असलेला. मोडक्या खटक्याचा जंतू फक्त बाईच्या पोटरीत होता.

प्रतिरोध पसरतो कसा, हे यातून दिसतं. कायम उघडं जनुक जंतूला परवडत नाही. मेथिल बसलेले रायबोझोम काही प्रथिनं नीट बनवू शकत नाहीत, आणि औषध नसलेल्या नाकात असा जंतू मागे पडतो. खटका शाबूत असलेला मात्र औषध नसताना इतरांच्या बरोबरीने वाढतो आणि औषध आलं की उभा राहतो. घरोघरी फिरणारा तोच. अहवालात ‘एस’ म्हणून लपणाराही तोच. म्हणून डी-टेस्ट न करणारी प्रयोगशाळा रुग्णाच्या उपचारात तर चुकतेच, शिवाय गावात काय फिरतंय याची तिची नोंदही चुकीची होते.

अर्म-सी बहुतेक वेळा एका छोट्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या गोल तुकड्यावर, असतं. नमुना म्हणून सर्वाधिक अभ्यासलेलं प्लाझ्मिड सुमारे ३,७०० बेस-जोड्यांचं आहे. स्वतःच्या बळावर ते दुसऱ्या पेशीत जाऊ शकत नाही. मोठ्या प्लाझ्मिडच्या सोबतीने किंवा जंतूला खाणाऱ्या विषाणूच्या, फाजच्या, कवचात चुकून भरलं जाऊन ते पोहोचतं. कातडीवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस अशा जनुकांचा मोठा साठा बाळगतो. म्हणून जानेवारीतल्या सर्दीच्या तीन गोळ्यांचा परिणाम सर्दीच्या जंतूवर नाही (सर्दीचा विषाणू, त्यावर ती गोळी चालतच नाही), तर नाकातल्या आणि कातडीवरच्या या रहिवाशांवर झाला. निरोगी स्वयंसेवकांवरच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ॲझिथ्रोमायसिनच्या एका कोर्सनंतर तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसमधला मॅक्रोलाइड-प्रतिरोध वाढला आणि सहा महिन्यांनीही वर राहिला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ॲझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या ‘वॉच’ गटात आहे, क्लिंडामायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ‘ॲक्सेस’ गटात. आपल्या मेडिकलमध्ये मात्र आधी हात जातो तो ॲझिथ्रोमायसिनकडे.

मुलाचे फोड फोडून साफ केले, अँटिबायोटिक दिलं नाही. प्रत्येकाला वेगळा टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, नखं कापलेली, फोड उघडा ठेवायचा नाही. एकाच घरात तिघांना जंतू असल्यामुळे चौघांनाही २ टक्के म्युपिरोसिन मलम नाकात दिवसातून दोनदा पाच दिवस आणि त्याच पाच दिवसांत रोज ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने आंघोळ, डोळे आणि कान सोडून. सगळ्यांनी एकदमच करायचं. एक राहिला तर त्याच्याकडून पुन्हा येतं. म्युपिरोसिन प्रत्येक फोडावर चोपडायचं मलम नाही. त्याचाही प्रतिरोध प्लाझ्मिडवरून पसरतो, आणि तो आला की नाक साफ करायला सोपं काही उरत नाही.

आरोग्य केंद्रासाठी या प्रकरणानंतर एवढं ठरवलं : अहवालात एरिथ्रोमायसिन ‘आर’, क्लिंडामायसिन ‘एस’ असेल आणि डी-टेस्टचा उल्लेख नसेल तर पहिली गोळी देण्याआधी प्रयोगशाळेला फोन. स्लँट ठेवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. मधल्या काळात गळू नीट उघडलेलं असेल तर थांबायला हरकत नाही. ताप किंवा पसरती लाली असेल तर डॉक्सिसायक्लिन. नमुन्याच्या चिठ्ठीवर गेल्या महिन्याभरात मॅक्रोलाइड घेतलं का, याचा रकाना. आणि प्रयोगशाळेने डी-टेस्ट पॉझिटिव्ह आली की क्लिंडामायसिनपुढे ‘आर’ लिहून कारण त्याच ओळीत द्यायचं, तळटीपेत नाही, कारण तालुक्याहून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फोटोत तळटीप बहुधा कापलेली असते.